ताई पाहुणी झाली तेव्हा : परदेशातल्या एका भावंडभेटीचा प्रकरण अभ्यास

भेट ठरली तेव्हा भावाला परदेशात स्थिरावून नऊ वर्षं झाली होती आणि त्याची मोठी बहीण पहिल्यांदाच त्याच्या घरी येणार होती. मुक्काम सहा आठवड्यांचा. चौथा आठवडा उजाडेपर्यंत दोघांमधलं बोलणं जवळजवळ थांबलं होतं, आणि पाचव्या आठवड्यात ते आईच्या देखभालीबद्दल पहिल्यांदा मोकळेपणानं बोलले. मधल्या काळात काय बिघडलं आणि काय सावरलं, ते इथे मांडते आहे. ताई, भाऊ आणि त्याची बायको या तिघांशी मी वेगवेगळी बोलले आहे आणि तिघांचीही लिहायला हरकत नाही. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. देशाचं नावही देत नाही, कारण हे कुठल्याही देशात घडलं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. परदेशातल्या घरी आलेल्या भावंडाला आपण फार चटकन पाहुणा करून टाकतो. पाहुण्याची सरबराई होते, त्याला काही कमी पडू दिलं जात नाही, पण त्या घरात त्याचा शब्द चालत नाही. भावंडांचं नातं तर हक्कावरच उभं असतं. तो हक्क काढून घेतला की मागे उरतं ते नुसतं सौजन्य, आणि सौजन्यावर सहा आठवडे निघत नाहीत.

माणसं

ताई पन्नाशीतली, भावापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. भाऊ शाळेत असताना वडील गेले. ताईनं शिक्षण मध्येच थांबवून नोकरी धरली आणि भाऊ कमावता होईपर्यंत घर ओढलं. आई तिच्याजवळ राहते. गेल्या तीन वर्षांत आईचं चालणं कमी झालं आहे, रात्री तिला दोन-तीनदा उठवून न्यावं लागतं. ताईला स्वतःला रक्तदाब आहे, थायरॉइडची गोळी सुरू आहे.

भाऊ दर महिन्याला न चुकता पैसे पाठवतो. रोज फोन करतो. वर्षा-दोन वर्षांतून येतो तेव्हा घर नातेवाइकांनी भरलेलं असतं आणि त्याला परतीचे वेध लागलेले असतात. बहीण-भाऊ दोघंच कधी निवांत बसले आहेत, असं गेल्या नऊ वर्षांत घडलेलं दोघांनाही आठवत नाही. त्याच्या घरी बायको आणि सात वर्षांची मुलगी. घर लहान, दोघांच्याही नोकऱ्या. आठवड्यातले दोन दिवस तो घरूनच काम करतो.

बोलावण्याची कल्पना भावाची. "ताईनं जन्मात काही पाहिलं नाही, तिला सगळं दाखवायचं," हे वाक्य तो मला तीनदा बोलला. ताईचा येण्यामागचा हेतू वेगळा होता. तिला त्याचा संसार बघायचा होताच, पण त्याहून जास्त त्याच्याशी बोलायचं होतं. "फोनवर कसं बोलणार? आई शेजारीच बसलेली असते ना," ती म्हणाली. हे ती निघण्याआधी भावाला बोलली नाही. त्यानंही विचारलं नाही. आपण भावंडाला बोलावतो तेव्हा काय-काय दाखवणार हे सांगतो. तुला इथे येऊन काय करायचं आहे, हे विचारायचं राहूनच जातं. या प्रकरणाची पहिली गाठ तिथे बसली.

तयारी

कागदपत्रांत भाऊ चोख होता, आणि ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. भेटीच्या व्हिसासाठी अर्ज तपासणारा अधिकारी मुख्यतः एकच गोष्ट शोधत असतो : ही व्यक्ती परत जाईल का? त्यामुळे भावाच्या निमंत्रणपत्राइतकंच ताईच्या कार्यालयानं दिलेलं रजेचं पत्र, तिचं बँकखातं आणि घरी असलेली जबाबदारी दाखवणारे कागद मोलाचे ठरले. मुदतीचे नियम देशागणिक बदलतात. युरोपातल्या शेंगेन गटाच्या देशांत कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. अमेरिकेत व्हिसाची मुदत वेगळी आणि राहण्याची मुदत वेगळी. किती दिवस राहायचं ते प्रवेशाच्या वेळी ठरतं आणि 'आय-९४' या नोंदीत लिहिलं जातं. ब्रिटनच्या सर्वसाधारण अभ्यागत व्हिसावर एका भेटीत सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. परतीचं तिकीट काढण्याआधी जिथे जायचं त्या देशाचा नियम मूळ सरकारी पानावर वाचावा. ओळखीच्याच्या अनुभवावर विसंबू नये.

एक गोष्ट भावानं वेळीच दुरुस्त केली. घरात बोलता-बोलता ठरत चाललं होतं की ताई येईल तेव्हा मुलीला सुट्टी असेल, म्हणजे पाळणाघराचा प्रश्न सुटला. भेटीच्या व्हिसावर काम करता येत नाही, आणि नातेवाइकांची मुलं सांभाळायला येणं हेसुद्धा काही ठिकाणी अधिकाऱ्यांना कामच वाटू शकतं. भाचीबरोबर वेळ घालवणं निराळं, तिला सांभाळण्यासाठी येणं निराळं. भावानं ताईला यायचं आमंत्रण सुट्टीच्या आधीच्या आठवड्यांचं दिलं. कायद्याखातर त्यानं हे केलं, पण मला त्यात नात्याचंही भलं दिसतं. जिनं अर्धं आयुष्य दुसऱ्यांना सांभाळण्यात घालवलं तिला आणखी एक मूल सांभाळायला बोलावणं अन्यायाचं झालं असतं.

विम्याची पॉलिसी त्यानं शेवटच्या पानापर्यंत वाचली. प्रवासाच्या बहुतेक विम्यांत आधीपासून असलेले आजार वगळलेले असतात किंवा त्यांना फार तोकडं संरक्षण असतं. रक्तदाब असलेल्या माणसाला परदेशात अचानक त्रास झाला तर नेमकं हेच कलम आडवं येतं. त्यानं थोडा जास्त हप्ता भरून जुन्या आजारात अचानक बिघाड झाला तर खर्च देणारा विमा घेतला. गोळ्या मूळ वेष्टनात, परतीला उशीर झालाच तर पुरतील इतक्या, सगळ्या हातातल्या बॅगेत. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, तीवर कंपनीनं दिलेल्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव, कारण कंपनीचं नाव देश बदलला की कुणालाच कळत नाही. हे सगळं त्यानं ताईला फोनवर एकेक करून करायला लावलं. ताई म्हणते, "त्याला एवढी काळजी आहे हे मला तेव्हा कळलं." हे वाक्य पुढचं वाचताना लक्षात असू द्यावं, कारण भावाच्या काळजीत कुठेच खोट नव्हती.

पहिले दहा दिवस

भावानं दहा दिवसांची रजा काढली होती आणि फोनवर वेळापत्रक केलं होतं. पहिल्याच सकाळी आठला सगळे गाडीत बसले.

ताई पहाटे साडेतीनपासून जागी होती. भावाच्या देशातलं घड्याळ तिच्या घड्याळाच्या काही तास मागे, म्हणजे तिच्या शरीराच्या हिशेबानं सकाळ केव्हाच झालेली. शरीरातलं घड्याळ नव्या वेळेला साधारण दिवसाला एक तास या गतीनं जुळवून घेतं. पश्चिमेकडे गेलं की हे थोडं सोपं जातं, कारण माणसाचं आतलं घड्याळ मुळातच २४ तासांपेक्षा जरा लांब असतं. हार्वर्डच्या चार्ल्स झायस्लर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ते सरासरी २४ तास ११ मिनिटं भरत असल्याचं दाखवलं. दिवस लांबवणं त्याला जमतं, आखडणं जड जातं. पश्चिमेला आलेल्या माणसानं संध्याकाळचा उजेड भरपूर घ्यावा, पहाटे जाग आली तरी लगेच लख्ख दिवे लावू नयेत आणि पहिले चार-पाच दिवस दुपारनंतर मोठं काही ठरवू नये. भावानं उलटं केलं. दुपारी तीन वाजता जगप्रसिद्ध ठिकाणी जाणाऱ्या रस्त्यावर ताई गाडीत मान टाकून झोपली होती, आणि भावाला वाटलं, हिला कशातच रस नाही. ताईला वाटलं, एवढा खर्च करून आणलं आणि मी झोपले. दोघंही त्याबद्दल बोलले नाहीत.

खर्चाचं प्रकरण वेगळंच. ताईनं निघण्यापूर्वी स्वतःच्या पगारातून परकीय चलन घेतलं होतं. ते एका छोट्या कापडी पाकिटात होतं, पाकीट पर्समध्ये आणि पर्स कायम काखेत. पहिल्या तिकीटखिडकीशी तिनं पाकीट उघडलं तर भाऊ म्हणाला, "ठेव गं ते, परत ने." दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिनं पर्सला हात लावला नाही. भावाच्या डोक्यात जुनं ऋण होतं. बहिणीनं आपल्याला शिकवलं, आता आपली पाळी. त्याला ते फेडायचं होतं आणि फेडायला त्याच्याकडे दहाच दिवस होते. पण जिनं घर चालवलं तिला भाचीसाठी एक फुगासुद्धा स्वतःच्या पैशानं घेता येऊ नये, याचं काय होत असेल, हे त्याला दिसलं नाही. मोठ्या भावंडाचा खर्च उचलणं चांगलंच आहे. तरी त्याच्या हातानं काही खर्च होईल अशी जागा मुद्दाम ठेवावी लागते, आणि ती अगदी पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते.

घरात एकटी

रजा संपली. दिवसभर घरात ताई एकटी. दार बाहेरून आपोआप बंद होणारं आणि किल्ल्या दोनच, नवरा-बायकोकडे एकेक. फोन वाय-फायवर चालणारा. घराबाहेर पाऊल टाकलं की मुका. धुण्याच्या यंत्रावरची अक्षरं परकी. भावाची सूचना एकच : "एकटी बाहेर पडू नकोस, काही लागलं तर मला मेसेज कर." तो घरून काम करायचा त्या दिवशीही दार लावून मीटिंगमध्ये, आणि ताई बाहेरच्या खोलीत आवाज न करता बसलेली.

परक्या देशात आलेल्या माणसाच्या मनाचा अभ्यास बराच जुना आहे. नॉर्वेचे स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या मुलाखतींवरून मांडलं की सुरुवातीला उत्साह, मग घसरण, मग सावरणं असा प्रवास होतो. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबेर्ग यांनी १९६० मध्ये त्या घसरणीचं वर्णन केलं : रोजच्या जगण्यातल्या ओळखीच्या खुणाच नाहीशा झाल्यानं येणारी अस्वस्थता. पुढे कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये न्यूझीलंडला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा वर्षभर मागोवा घेतला तेव्हा त्रास अगदी सुरुवातीलाच सर्वांत जास्त आढळला. म्हणजे ठरावीक वळण सगळ्यांचं सारखं नसतं. पण ओळखीच्या खुणा नाहीशा होण्याची गोष्ट मला ताईच्या बाबतीत तंतोतंत लागू वाटते. आपल्या गावात ती बँकेत भांडून काम करून घेणारी बाई. इथे तिला दिवा कुठे लागतो हेही विचारावं लागत होतं. परदेशी राहणाऱ्याचा हा काळ केव्हाच मागे पडलेला असतो आणि त्यामुळे तो समोरच्यात ओळखू येत नाही.

मग ताईनं स्वयंपाकघरातली कपाटं लावायला घेतली. दोन दिवसांत सगळे डबे, भांडी, झाकणं नव्या जागी. यात ताईचं चुकलंच, असं मी तिलाही सांगितलं. ते कपाट भावजयीचं होतं, आणि दुसऱ्या बाईच्या घरात विचारल्याशिवाय जागा बदलणं म्हणजे तिला काही येत नाही असं न बोलता सांगणं. भावजय कामावरून आली, तिला हवं ते सापडेना. तिनं काही बोलायचं टाळलं. रात्री नवऱ्याला म्हणाली, "ताईंना दिवसभर करायला काहीतरी हवंय." तिचं निदान बरोबर होतं. नवऱ्यानं त्याचा अर्थ असा लावला की शनिवार-रविवारचं वेळापत्रक आणखी भरायला हवं.

ती संध्याकाळ

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस एका दुपारी ताई बाहेर पडली. दाराच्या फटीत जाड कागदाची घडी अडकवली, म्हणजे दार लागणार नाही. बसनं दोन थांबे पुढे, भाचीनं दाखवलेल्या मोठ्या बागेत. तिथे ती तासभर बसली. तिनं मला सांगितलं, तो तास तिच्या भेटीतला सर्वांत सुखाचा. परत येताना रस्त्याच्या चुकीच्या बाजूच्या थांब्यावर उभी राहिली आणि बस तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेली. फोन मुका. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले तेव्हा तिनं चालकाला पर्समधल्या कागदावर लिहिलेला पत्ता दाखवला. त्यानं खुणेनं बसून राहायला सांगितलं, त्याच बसनं परत आणलं आणि योग्य थांब्यावर उतरवून घराची दिशा हातानं दाखवली.

ती पोहोचली तेव्हा अंधार पडला होता. भाऊ फाटकाशी उभा. त्यानं घरी येऊन उघडं दार पाहिलं होतं, आसपासचे रस्ते धुंडाळले होते, पोलिसांना फोन करायच्या बेतात होता. भाची आणि शेजारची बाई दोघी तिथेच. त्यानं ताईला पाहिलं आणि म्हणाला, "तुला एकदा सांगितलेलं कळत नाही का? एकटी बाहेर पडू नकोस म्हणून?"

ताई काही बोलली नाही. आत आली, बूट काढले, जोडीनं नीट भिंतीला लावून ठेवले आणि खोलीत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती परवानगी मागू लागली. आंघोळीला जाऊ का? खिडकी उघडली तर चालेल? हा दिवा लावू? यंत्रात माझे दोन कपडे टाकले तर तुम्हाला अडचण नाही ना? कपाटांना तिनं हात लावणं थांबवलं. बसायची ती सोफ्याच्या कडेला, उठताना उशी सरळ करून. भावाला सुरुवातीला बरं वाटलं. त्याच्या मते ताई शांत झाली होती. भावजयीला तिसऱ्या दिवशी ते सहन होईना. "अहो, ताई परवानगी मागायला लागल्यात," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमच्या बहिणीनं आपल्या घरात परवानगी मागायची?"

माझ्या लेखी हे या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य, आणि ते भावंडांपैकी कुणाचंच नाही. भावंडांच्या भेटीत घरातलं तिसरं माणूस पुष्कळदा नुसतं मधलं समजलं जातं. त्याला मात्र दोघांच्या जुन्या सवयींच्या बाहेरून बघता येतं.

स्वभाव की भूमिका

भावाशी बोलताना तो म्हणाला, "ताई आधीपासून हट्टी. मोठी आहे ना, मोठ्यांचा स्वभावच तसा." ताई म्हणाली, "धाकटे असेच, जबाबदारी आली की घाबरतात आणि ओरडतात." जन्मक्रमावरून स्वभाव ठरतो ही समजूत ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड आडलरच्या काळापासून चालत आली आहे. २०१५ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ यूलिया रोरर आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. मोठेपणा-धाकटेपणाचा बहिर्मुखपणा, मनाचं स्थैर्य, सलोख्याची वृत्ती किंवा काटेकोरपणा यांच्याशी काही संबंध त्यांना आढळला नाही.

मला यात मोठा दिलासा वाटतो. कारण स्वभाव असता तर काही करता आलं नसतं. ताई आणि भाऊ यांच्यात जे होतं ती भूमिका होती : एकानं सांभाळायचं, दुसऱ्यानं स्वतःला सांभाळू द्यायचं. नऊ वर्षांत देश बदलल्यानं सांभाळणारा बदलला, पण खेळ तोच राहिला. भावानं ताईची जागा घेतली आणि ताईच्या वाट्याला त्याची जुनी जागा आली. फाटकाशी तो जे वाक्य बोलला ते शब्दशः ताईचं होतं. तो दहावीत असताना रात्री उशिरा घरी आला होता तेव्हा तिनं त्याला तेच म्हटलं होतं. हे मला दोघांनीही, एकमेकांना न विचारता सांगितलं.

सावरणं

भावजयीनं किल्ली करून आणली. रात्री टेबलावर ताईसमोर ठेवली आणि म्हणाली, "ही तुमची. जाताना घेऊन जा, पुढच्या वेळी लागेल." दुसऱ्या दिवशी स्थानिक सिमकार्ड आलं. बसचा पास ताईनं स्वतः काढला, कापडी पाकिटातल्या पैशानं. कागदावर पत्ता, तिघांचे फोन आणि त्या देशाचा तातडीचा क्रमांक. हा क्रमांक युरोपीय संघात ११२, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. येणाऱ्या माणसाला तो घरी पोहोचल्या-पोहोचल्या सांगायचा असतो. किल्ली, फोन, पास आणि हा कागद पहिल्या दिवशीच ताईच्या हातात असता तर ती संध्याकाळ तशी झाली नसती, यात मला शंका नाही.

भावानं माफी मागितली का, असं मी विचारलं. त्याला शब्द सापडले नाहीत. पण शनिवारचा बेत रद्द करून तो ताईला म्हणाला, "तू मला त्या बागेत ने." अट अशी की पुढे ताई, मागे तो, आणि बसमध्ये त्यानं तोंड उघडायचं नाही. ताईनं थांबा शोधला, पास टेकवला, खिडकीशी बसली. भाऊ दोन आसनं मागे. उतरायच्या आधीच्या थांब्यावर ती उठायला लागली तेव्हा तो जवळजवळ बोललाच होता. तिनं बाहेरच्या पाटीकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा बसली. "एवढा वेळ गप्प बसणं मला ऑफिसातही जमलेलं नाही," तो म्हणाला.

बागेत बाकावर ताईनं विषय काढला. ते बोलणं दोघांनी मला जवळजवळ सारखंच सांगितलं, त्यामुळे इथे देते.

"तू पैसे पाठवतोस, त्याचा पैन् पैचा हिशेब मी वहीत ठेवलाय," ती म्हणाली. "माझ्या रात्रींचा हिशेब कुणीच ठेवला नाही."

"मला कधी बोलली नाहीस तू."

"तू कधी विचारलं नाहीस. रोज विचारतोस, आई कशी आहे. आई बरी आहे म्हणते मी. खरंच बरी असते ती. मी नसते."

भावाला वाटत होतं की ताईला आणखी पैसे हवे असतील आणि मागायला संकोच वाटत असेल. ताईला पैसे नको होते. तिला रात्रीची झोप हवी होती, वर्षातून काही आठवडे घराबाहेर पडायची मुभा हवी होती, आणि आईच्या औषधोपचाराचे निर्णय एकटीनं घ्यावे लागू नयेत असं वाटत होतं. मागच्या वर्षी आईच्या शस्त्रक्रियेची संमती तिनं एकटीनं सही करून दिली होती, आणि भावाला ते फोनवर कळलं तेव्हा तो म्हणाला होता, "तू योग्यच करशील." तो विश्वासानं बोलला होता. ताईला ते ओझं टाकून मोकळं होण्यासारखं लागलं होतं.

दूर राहणारा आणि जवळ राहणारा, असं जिथे भावंडांत वाटप होतं तिथे हा पेच बहुतेक घरांत असतो. दूरच्याला अपराधी वाटतं, म्हणून तो पैसे आणि कौतुक देतो. जवळच्याला थकवा येतो, आणि थकव्यावर कौतुकाचा काही उपयोग होत नाही. यावर तोडगा निघतो तो कामं मोजल्यानं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर दोघांनी आईसाठी आठवडाभरात काय-काय करावं लागतं ते लिहून काढलं. भावाच्या लक्षात आलं की त्यातली बरीचशी कामं दुरून होण्यासारखी होती : बिलं भरणं, विम्याचे दावे, औषधं घरपोच मागवणं, डॉक्टरांच्या वेळा ठरवणं, तपासणीच्या वेळी व्हिडिओवर हजर राहून प्रश्न विचारणं. त्यानं ती तिथल्या तिथे स्वतःकडे घेतली. रात्रीची कामं दुरून होत नाहीत. त्यासाठी माणूस ठेवायचं आणि त्याचा पगार भावानं द्यायचा ठरलं.

उरलेल्या दिवसांत नवीन काही पाहिलं गेलं नाही. ताई भाचीला वाचनालयात घेऊन जायची, आत्या-भाची एकमेकींना रस्ता शिकवायच्या. कपाटं तिनं भावजयीबरोबर बसून पुन्हा लावली. काही वस्तू जुन्या जागी गेल्या, काही ताईनं ठरवलेल्या जागीच राहिल्या.

परतल्यानंतर

सगळं सुरळीत झालं असं नाही. रात्रीसाठी ठेवलेल्या पहिल्या बाईला आईनं आठवडाभरात घालवून दिलं. ताईची पुन्हा रात्रीची जागरणं सुरू झाली आणि भाऊ म्हणाला, आईला मी समजावतो. त्याला तीन रविवार लागले. आता दुसरी बाई आठवड्यातून चार रात्री येते, उरलेल्या तीन ताई करते. डॉक्टरांकडच्या भेटीला भाऊ व्हिडिओवर असतो. एकदा त्याच्या इथे मध्यरात्र उलटून गेली होती तरी होता, आणि त्यानं विचारलेल्या प्रश्नामुळे आईची एक गोळी बंद झाली.

पुढच्या वर्षी तो महिनाभर येऊन आईजवळ राहणार आहे. त्या महिन्यात ताईनं त्याच्या घरी यावं, किल्ली तर आहेच, असं भावजयीनं सुचवलं. ताईनं नाही म्हटलं. तिला मैत्रिणींबरोबर डोंगरात जायचं आहे. आईनं पुढे कायम कुठे राहायचं, यावर दोघांचं अजून एकमत नाही. भावाला वाटतं, चोवीस तास शुश्रूषा मिळेल अशी जागा आत्तापासून बघून ठेवावी. ताईला वाटतं, आईला माणसं ओळखता येतात तोवर घर सोडायला लावू नये. तो येईल तेव्हा हे आईलाच विचारायचं ठरलं आहे.